दोन जिल्ह्यांत एक नाथाजी

नाथाजी घार्गे नावाचा माणूस या जगात नाही, असं सरकारला कळलं त्या दुपारी नाथाजी घार्गे सांगलीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, पोरांच्या वॉर्डाबाहेर उकिडवा बसून वरण-भात खात होता. वरणात मीठ कमी होतं. जगात नसलेल्या माणसाला ते कसं कळलं, हा सरकारनं विचार करायचा प्रश्न आहे. नाथाजीनं उठून मीठ आणलं.

हे सगळं रामायण झालं एका वर केलेल्या हातामुळं.

दुष्काळाच्या पुढच्या सालची गोष्ट. हॉस्पिटलात लालासाहेब पिसाळ म्हणून डॉक्टर होते. पोरांच्या हृदयाचे. काही पोरं जन्मालाच हृदयात खोट घेऊन येतात. खेळली की धापा टाकतात, रडली की ओठ निळे, नखं निळी. तसल्या पोरांची ऑपरेशनं पिसाळ डॉक्टर करायचे. त्यांना आफ्रिकेतनं, नैरोबीहून बोलावणं आलं. तिथं अशी पुष्कळ पोरं वाट बघत पडली होती. डॉक्टर, भूल देणारे एक डॉक्टर आणि दोन नर्सा असे महिनाभर सेवा करायला जाणार होते. तिकीट आणि जेवण तिकडच्या लोकांचं, पगार शून्य.

सगळं जुळलं होतं. पण एक दिवस डॉक्टर वॉर्डात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आणखी एक माणूस लागणार आहे मला. ऑपरेशन मी करीन. पण पोराला आईच्या मांडीवरनं टेबलापर्यंत न रडवता आणायचं कुणी? ही पोरं रडली की निळी पडतात, आणि असं निळं पडलेलं एखादं पोर टेबलापर्यंत पोचतच नाही. कोण येतं?"

वॉर्डात नाथाजी सोडून आणखी वॉर्डबॉय होते. ते फरशीकडं बघायला लागले. फरशी स्वच्छ होती, बघण्यासारखीच होती. नाथाजीनं हात वर केला आणि मग शेजारच्या कंपाउंडरला हळूच विचारलं, "नैरोबी कुटं आलं?"

"समुद्रापलीकडं."

"असू दे की," नाथाजी म्हणाला. हात वरच.

असा गडी. आधी हात, मग नकाशा. पण एक खरं, रडकं पोर गप करण्यात त्याचा हात धरणारा माणूस सगळ्या सांगलीत नव्हता. पोर उचललं की तो त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि पोर हुंदका अर्ध्यात सोडून त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. एका नर्सनं एकदा मुद्दाम कान देऊन ऐकलं, तर तो वडूज ते मायणी एसटी कुठं कुठं थांबते ते सांगत होता. ती म्हणाली, "तिकडच्या पोरांना मराठी कुठं कळतंय रे?"

"हितल्या तान्ह्या पोरास्नी तरी कुटं कळतंय?" नाथाजी म्हणाला. नर्स गप्प झाली. नर्सही त्याला गप करता यायची.

आता पासपोर्ट काढायचा. फॉर्ममध्ये दोन पत्ते मागितले होते, कायमचा आणि सध्याचा. नाथाजीनं प्रामाणिकपणा केला आणि तिथंच फसला. कायमचा पत्ता त्यानं गावाकडचा लिहिला. गाव मायणीजवळ, सातारा जिल्हा. सध्याचा लिहिला सांगलीच्या गावभागातल्या, घरमालकीण येसूबाईच्या खोलीचा, सांगली जिल्हा. म्हणजे एका नाथाजीच्या चौकशीला दोन जिल्हे कामाला लागणार होते. त्याला वाटलं, दोन जिल्ह्यांत आपलं नाव होईल. झालं. त्याला वाटलं तसं नाही, पण झालं.

फॉर्म टाकून तो आईला सांगायला गावी गेला. चंद्राबाई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"न्हाई जायाचं."

"आये, महिनाभरच हाय."

"तुजा चुलता बी महिनाभरच म्हनून गेला हुता त्रिचूरला. त्येच्या लेकीची लेकरं शाळंत जाया लागली. अजून महिना व्हायाचा हाय त्येचा."

त्या भागातले निम्मे बाप्ये सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले. गलाईवाले म्हणतात त्यांना. गेला माणूस मनीऑर्डर होऊन येतो, हे गावातल्या प्रत्येक बाईला पाठ. चंद्राबाईला हा एकच पोरगा. शेंगा जरा जास्तच जोरात फुटायला लागल्या.

योगायोगानं चुलता, तात्याबा, जत्रेला म्हणून आलेलाच होता. बोटात अंगठी, अंगात टेरिलीनचा सदरा. परमुलखाच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा.

"घाबरायचं न्हाई गड्या," तो म्हणाला. "मी त्रिचूरला गेलो तवा एक अक्षर येत नव्हतं. भाषा येत न्हाई म्हनून हळू बोलायचं न्हाई. मोट्यानं बोलायचं. मराठी मोट्यानं बोललं की समद्या जगाला कळतं."

"आन पानी?"

"पानी आपलं न्ह्यायचं."

"महिन्याचं?"

तात्याबानं विषय बदलला.

पंधरवडा गेला आणि साताऱ्याकडनं चौकशी सुरू झाली. एक हवालदार सायकल मारत गावात आला. घामाघूम झाला होता बिचारा. पाराजवळ सायकल लावली आणि तिथं बसलेल्या सरपंचाला, हरिबाला विचारलं, "नाथाजी घार्गे कुठं राहतो?"

आता यात गावाची चूक नाही. खाकी कपड्यातला माणूस नाव घेऊन विचारायला लागला की काय करायचं, हे गावात पोर चालायला लागल्यापासून शिकवतात. माणूस चांगला का वाईट ते नंतर बघता येतं. आधी तो लपवायचा.

"कोन नाथाजी?" हरिबा म्हणाला.

"घार्गे."

"घार्गे आडनावाचं कोनच न्हाई बगा आमच्यात."

हवालदारानं हरिबाच्या डोक्यामागं बघितलं. तिथं पाटी होती. सरपंच, श्री. हरिबा घार्गे.

"ती व्हय? ती जुनी पाटी हाय."

"मग आता सरपंच कोण?"

"मीच की."

हवालदारानं घाम पुसला. मग त्यानं दुकानदाराला विचारलं. दुकानदार म्हणाला, नाथाजी म्हणजे मेंढपाळ का? ते तर पाऊस नव्हता तवाच गेलं मेंढरं घिऊन खाली. देवळातल्या गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, असलं नाव आमच्यात ठेवतच न्हाईत. खुद्द नाथाजीच्या घरासमोर हवालदाराला चहा पाजला, भजी खाऊ घातली, आणि हे घर कुणाचं म्हटल्यावर सांगितलं, "ह्ये पडीक हाय." आतनं चंद्राबाई शेंगा फोडत असल्याचा आवाज येत होता. "उंदरं हायती."

हवालदारानं प्रामाणिकपणे जे ऐकलं ते लिहून नेलं. सदर इसम गावी आढळून येत नाही.

त्याच आठवड्यात हरिबा बाजाराला म्हणून सांगलीला आला, हॉस्पिटलात जाऊन नाथाजीच्या पाठीवर थाप मारली. "गड्या, बिनघोर ऱ्हा. तुज्यावरचं बालंट परतवून लावलंय. समदं गाव एक झालं."

"कसलं बालंट?"

हरिबानं सगळं रंगवून सांगितलं. उंदरांपर्यंत आला तेव्हा नाथाजी ओरडला.

"आवं हरिबाकाका, त्यो पासपोर्टासाठी आला हुता! मी हाय का न्हाई बगाया!"

हरिबानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मंग त्येनं आदी सांगाया नगं? सायकलीवर बसून येतंय आन नाव इचारतंय. आमाला काय सपान पडतंय?"

नाथाजीनं धीर सोडला नाही. अजून सांगली जिल्हा बाकी होता. सांगलीत लपवणारं कुणी नाही, सांगली शहर आहे, शिकलेली माणसं आहेत. त्यानं येसूबाईला नीट बसवून सांगितलं, "मावशी, कोनी माजी चौकशी कराया आलं तर हाय म्हनायचं. आन चांगलं सांगायचं."

येसूबाई विधवा बाई, दोन खोल्या भाड्यानं द्यायची आणि भाडेकरूंचं सगळं स्वतःचं असल्यासारखं बघायची. ती म्हणाली, "तू निर्धास्त ऱ्हा. वाईट सांगाया तुज्यात हाय काय?"

आणि तो आला. पण खाकीत नाही. पांढरा सदरा, काळी टोपी, काखेत कापडी पिशवी. दारात चपला काढल्या, नमस्कार केला.

"नाथाजी घार्गे इथंच राहतात ना? मुलगा स्वभावानं कसा आहे?"

"सोनं हाय."

"काही व्यसन वगैरे?"

"सुपारी बी खात न्हाई."

"घरची परिस्थिती?"

आता तुम्हीच सांगा, असा सदरा घालून, चपला काढून, असले प्रश्न सगळ्या सांगलीत कोण विचारतं? मुलीचा बाप! येसूबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं पाहुण्याला पाट दिला, पोहे टाकले, आणि नाथाजीचं लग्न आपल्या हातानं व्हायची वेळ आली या आनंदात पदर खोचला.

"परिस्थितीचं काय इचारता? चुलता गलाईवाला. त्रिचूरला दुकान, मदुरेला दुकान. सोनं पायलीनं मोजत्यात."

पाहुण्यानं पोह्यांचा घास थांबवला आणि पिशवीतनं पेन्सिल काढली. मुलीचा बाप लिहून घेतोय म्हणजे घराणं शिस्तीचं दिसतंय, येसूबाईला वाटलं.

"परदेशी जाणार आहे म्हणे?"

"जानार म्हंजे? तितंच ऱ्हानार! बंगला, मोटार, समदं ठरलंय. ह्या भिकार गावात काय ठेवलंय?"

"आणि सोनं?"

"न्हेनार की संगं! न्हाई तर ते काय चुलीत घालायचंय?"

पाहुणा लगबगीनं उठला. येसूबाई दारापर्यंत गेली. "मुलगी कवा दाखवताय?" पाहुण्यानं मागं वळून अशा नजरेनं बघितलं की येसूबाईला तो लाजला असं वाटलं.

रात्री तिनं नाथाजीला पेढा दिला. "स्थळ पक्कं समज. समदं लिवून न्हेलंय."

आणि एक कबूल करायला पाहिजे, नाथाजी दोन दिवस खूश होता. पोरगी कशी असेल, तिला नैरोबी चालेल का, असले विचार करत त्यानं भांगही पाडून बघितला. मग साताऱ्याहून पोलीस कचेरीतनं कागद आला. मोठ्या साहेबांनी समक्ष बोलावलं होतं. कागदात पासपोर्टाचं होतं, स्थळाचं काहीच नव्हतं.

डॉक्टरांची निघायची वेळ अगदी तोंडावर आली होती. डॉक्टर पिसाळ एवढंच म्हणाले, "नाथाजी, कागद मिळाला तर चल. नाही मिळाला तर दुसरा माणूस मला सापडणार नाही, तसाच जाईन. पोरं रडतील, काय करणार." ते रागावून बोलले असते तर नाथाजीला बरं वाटलं असतं.

साताऱ्याच्या त्या कचेरीत नाथाजी एकटा गेला नाही. माणूस आहे हे पटवायला सरपंच हरिबा. सोनं नाही हे पटवायला तात्याबा. आपण काय म्हणालो ते सांगायला येसूबाई. आणि सगळ्यांत मागं, कुणी न बोलावता, एसटीच्या खिडकीला घट्ट धरून बसलेली चंद्राबाई.

"तू कशाला येतीस आये?"

"सायबाला सांगाया. ह्येला सोडू नगा म्हनून."

"आये!"

"म्हननार."

आणि ती म्हणणार हे नाथाजीला माहीत होतं. चंद्राबाईनं आयुष्यात एकदा म्हणेन म्हटलेलं गिळलं नव्हतं.

साहेब वयस्कर होते, चष्म्यावरनं बघणारे. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"सातारा जिल्हा म्हणतो तू नाहीस. सांगली जिल्हा म्हणतो तू आहेस, पण पायलीभर सोनं घेऊन पळून चाललायस. मी कुणाचं ऐकू?"

"मी हाय, सायब," नाथाजी म्हणाला.

"ते मला दिसतंय. हा कागदाचा प्रश्न आहे."

हरिबा पुढं झाला. "हाय सायब, ह्यो आमच्यातलाच हाय. जन्मल्यापासनं हाय."

"मग हवालदाराला नाही का सांगितलंत?"

"आता पोलीस इचारतोय म्हटल्यावर... मानूस आपला हाय न्हवं?"

साहेबांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. मग येसूबाई. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आवं, त्यांनी चपला काढल्या हो दारात! पोलीस कुटं चपला काढतोय? मी म्हटलं मुलीचं वडील." मागं उभा असलेला, सांगलीहून बोलावलेला तो काळ्या टोपीचा पोलीस खिडकीबाहेर बघायला लागला.

"आणि ही त्रिचूर-मदुरेची दुकानं?" साहेबांनी तात्याबाकडं मान वळवली. "तुमची?"

तात्याबा उभा राहिला. बोटातली अंगठी त्यानं दुसऱ्या हातानं झाकली. हरिबा होता, चंद्राबाई होती, म्हणजे सगळा गाव ऐकत होता. तो म्हणाला, "दुकान मालकाचं हाय, सायब. मी भट्टी फुकतो." मग आणखी हळू, "अंगठी बी पितळंची हाय."

माणसाला एवढं सोलू नये. नाथाजीलाही वाईट वाटलं. एरवी तात्याबा मोठ्यानं बोलायचा.

साहेबांनी पेन उघडलं. "ठीक. आहेस हे मान्य. सोनं नाही हेही मान्य. आता राहिलं परत येण्याचं. असले लोक तिकडं जातात आणि राहतात, मग आम्हाला निस्तरावं लागतं. हा परत येईल याची खात्री कोण देतो?"

हरिबानं तात्याबाकडं बघितलं. तात्याबा कसली खात्री देणार, तो स्वतःच परत आला नव्हता.

"मी बोलते," चंद्राबाई म्हणाली.

नाथाजीनं डोळे मिटले.

"सायब, ह्येला सोडू नगा. ह्येला काय बी येत न्हाई. च्या सुदिक करता येत न्हाई. सांगलीला ऱ्हातोय, तर दर रविवारी गावाकडं पळून येतोय, मळलेली कापडं घिऊन. ही मावशी बसलीया, इचारा."

"व्हय," येसूबाई म्हणाली. तिनं आता खरंच बोलायचं ठरवलेलं दिसत होतं.

"मिल्ट्रीत भरती कराया न्हेला हुता त्येच्या बापानं, तर बेळगावहून तिसऱ्या दिशी घरात. इचारलं तर म्हनतोय, तितली भाकरी जाड हाय. पुन्याला मामाकडं ठेवला, अमावास्या व्हायच्या आत दारात हुबा. रात्री झोपंत उठून बसतोय आन गावच्या वढ्याचं नाव घेतोय. असल्याला तुमी समुद्रापल्याड धाडताय? आट दिसांत रडत घरला यील! त्या डाक्टरचं नाव जाईल, आमचं नाव जाईल. नगा धाडू."

नाथाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सरपंच बसला होता, चुलता बसला होता, पोलीस उभे होते. पंचवीस वर्षांचा गडी, पोरांच्या वॉर्डात ज्याचं नाव निघतं तो, आणि सगळ्या सातारा जिल्ह्यासमोर त्याची भाकरी जाड निघाली. जमीन दुभंगली असती तर तो उडी मारून आत गेला असता.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे हा परत येणार म्हणता?"

"येनार न्हाई तर काय? जाईल कुटं?"

"नक्की?"

"माज्या पोराला मी वळखत न्हाई व्हय?" चंद्राबाई तडकली. "कुटं बी टाका, ह्यो घरला येनार म्हंजे येनार!"

"बस्स," साहेब म्हणाले, आणि सही केली. शाईची पेटी पुढं सरकवली. "अंगठा करा इथं, आई. एवढी पक्की खात्री मला आजवर कुणी दिली नव्हती."

चंद्राबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं अंगठ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, पोराकडं बघितलं. पण दिलेला शब्द माघारी कसा घ्यायचा? पोरगा येणारच, हे तिनंच छातीवर हात मारून सांगितलं होतं. तिनं अंगठा उमटवला. जरा जास्तच दाबून.

बाहेर एसटी स्टँडवर तात्याबा आणि हरिबा चहाला गेले. येसूबाई बाकावर पेंगायला लागली. नाथाजी आईपासनं जरा अंतरावर उभा राहिला, एखादा माणूस दुखावला आहे हे लांबूनही दिसावं अशा बेतानं.

"येवडं समदं सांगाया पायजे हुतं?" तो शेवटी म्हणाला. "भाकरीचं बी?"

"खोटं हुतं का?"

खोटं नव्हतं. विट्याची गाडी लागली, माणसं धावली, गाडी गेली. आपली गाडी अजून यायची होती.

चंद्राबाई बोटाची शाई लुगड्याला पुसत होती. "ती पोरं," ती म्हणाली, "खरंच निळी पडत्यात?"

"व्हय."

"रडली की?"

"व्हय. वठ निळं हुत्यात आदी. मंग नखं."

"आन तू उचललं की ऱ्हात्यात गप?"

"ऱ्हात्यात."

"मंग त्यास्नी हितं आनाया येत न्हाई व्हय? तुलाच कशाला जाया लागतंय?"

"तितली पोरं तितं रडत्यात, आये. हितं ऐकू येत न्हाई."

चंद्राबाईचा शाई पुसणारा हात थांबला. त्यांची गाडी आली. तिनं पिशवी उचलली, येसूबाईला हलवून जागं केलं, आणि दारात चढता चढता मागं वळून पोराकडं बोट केलं. अंगठ्याला शाई होती अजून.

"जा. पर आट दिसांत पळून आलास तर दारात हुबा करनार न्हाई. तितली समदी पोरं गप करायची, आन मगच यायचं."